श्रेय तारेला मिळाले

सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता लिहिला जातो. कॉलनी क्रमांक अमुक, सोलापूर. रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तो भाग ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. नव्या पिढीतल्या अनेकांना मात्र हे ठाऊक नसते, की ब्रिटिश काळात इथे तारेचे कुंपण होते. आत राहणाऱ्या माणसांची रोज हजेरी लागे आणि परवानगीचा पास नसताना बाहेर पाऊल टाकणे हाच गुन्हा ठरे. या माणसांवर चोरीचा आरोप सिद्ध झालेला असायलाच हवा, अशी अट नव्हती. ती ज्या जमातीत जन्मली, ती जमात सरकारी यादीत होती, एवढे पुरेसे होते.

ही हकिगत अन्यायाची आहे आणि त्या अंगाने ती पुष्कळदा सांगितली गेली आहे. तिला आणखी एक अंग आहे. शिकलीसवरली, हिशेबी, कायदा जाणणारी आणि काही बाबतीत सद्हेतू असलेली माणसे ऐंशी वर्षे एका चुकीच्या कल्पनेवर कशी विसंबून राहिली, याचाही हा इतिहास आहे. पुरावा समोर असूनही तो त्यांना दिसला नाही. मनाचे हे दोष मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत तपासले. सोलापूरच्या माणसांनी ते त्याआधीच अंगावर झेलले होते.

ठगांपासून जमातींपर्यंत

सुरुवात सोलापूरपासून दूर, मध्य हिंदुस्थानात झाली. 1830च्या दशकात विल्यम स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम उघडली. वाटसरूंशी सलगी करून त्यांचा गळा आवळणाऱ्या टोळ्यांच्या कथा भारतात आणि इंग्लंडात चवीने वाचल्या गेल्या. 1836च्या कायद्याने ठगांच्या टोळीचा सदस्य असणे एवढाच जन्मठेपेला पुरेसा गुन्हा ठरवला. अमुक माणसाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1974 साली एका गाजलेल्या निबंधात मनाची एक सवय मांडली. एखादी गोष्ट किती वारंवार घडते याचा अंदाज आपण मोजून बांधत नाही. तिचे उदाहरण किती चटकन आठवते, यावरून बांधतो. ठगांच्या कथा चटकन आठवणाऱ्या होत्या. आयुष्यभर मीठ, धान्य आणि टोपल्या विकत फिरलेल्या हजारो कुटुंबांची कथा कुणी लिहिलीच नव्हती, म्हणून ती कुणाला आठवण्याचाही प्रश्न नव्हता. फिरणारा माणूस म्हटला की साहेबाच्या डोळ्यांपुढे रुमालाचा फास उभा राहू लागला.

1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला. तो मांडताना केलेला युक्तिवाद साधा आणि त्या काळच्या साहेबाला पटकन पटणारा होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तर चोरीचा धंदा करणाऱ्या जातीही असणारच आणि त्यांची मुले चोरच होणार. जातिव्यवस्थेबद्दलच्या अर्धवट माहितीला तर्काचे रूप मिळाले. सुताराच्या घरात मुलगा रंधा धरायला शिकतो, हे कुणीही पाहू शकत होते. चोरी त्याच रीतीने वंशात उतरते, हे मात्र कुणी तपासले नव्हते. दोन गोष्टी सारख्या वाटल्या, म्हणून त्या सारख्या मानल्या गेल्या.

कायद्यातली एक तरतूद विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या भटक्या जमातीला गुन्हेगार ठरवण्यापूर्वी प्रांतिक सरकारने अहवालात लिहायचे, की ही जमात काही सचोटीचा धंदा करते का. आणि करत असेल, तर तो धंदा खरा आहे की गुन्हा सोपा व्हावा म्हणून केलेले सोंग आहे. हे ठरवणार सरकारच. म्हणजे काम नसेल तर माणूस संशयित, आणि काम असेल तर ते काम संशयित. अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नव्हती. निर्दोष असल्याचा पुरावा द्यायला या रचनेत जागाच ठेवलेली नव्हती.

रेल्वे आली, बैल थांबले

सोलापूर हे दख्खनच्या वाटांवरचे मोठे ठाणे. कर्नाटक, मराठवाडा, निजामाचा मुलूख आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यामधला व्यापार इथून चाले. रेल्वेपूर्वी हा व्यापार बैल आणि गाढवांच्या पाठीवर होता. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ वाहत. कैकाडी टोपल्या आणि कणग्या विणत. टकारी जात्यांना टाकी लावत. मांग गारुडी म्हशी भादरत. पारधी तितर-लाव्हे पकडून बाजारात आणत. गावगाड्याला या माणसांची गरज होती. वर्षाच्या ठरल्या दिवसांत पालं पडत, काम होई, बिऱ्हाड पुढच्या गावी जाई.

1860 साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे सोलापूरला पोहोचली. जो माल महिनाभर बैलांच्या पाठीवर हले, तो दोन दिवसांत डब्यातून जाऊ लागला. 1876 ते 78चा भीषण दुष्काळ पडला. सोलापूर हा त्यात होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. 1878च्या वन कायद्याने जंगलात शिरून शिकार करणे, लाकूड-मध गोळा करणे यांवर बंधने आली. एका पिढीच्या आत या लोकांचे जगण्याचे तीन आधार सुटले. त्यांतल्या काहींनी चोऱ्या केल्या असतील. भुकेच्या काळात चोऱ्या गावातल्या घरंदाज वस्तीतही होतात.

सरकारी कागदांत मात्र कारण म्हणून रेल्वे, दुष्काळ आणि जंगल दिसत नाहीत, तिथे ‘स्वभाव’ दिसतो. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या परिस्थितीत न शोधता त्याच्या स्वभावात शोधतो, या प्रवृत्तीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली ‘मूलभूत आरोपणदोष’ म्हटले. आपल्या घरचा मुलगा वाकड्या वाटेला लागला तर संगत वाईट होती, बेकारी होती, असे आपण म्हणतो. पालातला मुलगा तसाच वागला की ‘त्यांची जातच तशी’ हा निकाल तयार असतो.

पोलिसांची पोथी

1908 साली मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक मायकल केनेडी यांनी इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. पोलीस खात्याला हाताशी असावे म्हणून तो लिहिला होता. प्रत्येक जमातीसाठी ठरलेला साचा: वस्ती कुठे, लोकसंख्या किती, दिसायला कसे, पेहराव काय, बोली कोणती, वेषांतरे कोणती, गुन्ह्याची पद्धत कोणती, चोरीचा माल कुठे लपवतात. याच साच्यात उपजीविकेचाही रकाना होता, आणि त्यात सचोटीचा धंदा ‘वरवरचा’ किंवा ‘दिखाऊ’ म्हणून नोंदवायची सोय होती. टोपल्या विणणे, भविष्य सांगणे, भिक्षा मागणे, सारे त्या एका रकान्यात गेले.

हे पुस्तक वाचून जो फौजदार गस्तीला निघेल, त्याला काय दिसेल? बाजारात शंभर माणसे फिरत असतील, तर तो कैकाड्याच्या गाठोड्याकडे बघेल. झडती घेईल. दहा झडत्यांत काही सापडले नाही तर त्याची नोंद कुठे होणार नाही. अकराव्या झडतीत सापडले तर पुस्तक खरे ठरेल. उरलेल्या नव्व्याण्णव माणसांची झडती झालीच नाही, म्हणून त्यांच्यात चोर नव्हते असे गृहीत धरले जाईल. पुढच्या आवृत्तीला आकडे असेच मिळत जातात.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी 1976 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दलची 39 वाक्ये दाखवली. मोठ्या गटाविषयी 26 आणि छोट्या गटाविषयी 13. चांगल्या आणि वाईट वर्तनाचे प्रमाण दोन्ही गटांत अगदी सारखे होते, नऊला चार. तरीही वाचणाऱ्यांनी छोट्या गटाच्या खात्यावर प्रत्यक्षाहून जास्त वाईट गोष्टी मांडल्या. छोटा गट क्वचित दिसतो, वाईट वर्तनही क्वचित दिसते. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की मनात ठसतात आणि नसलेले नाते जोडले जाते. या प्रयोगात कुणाला कुणाचा द्वेष नव्हता, गटांना नावेसुद्धा नव्हती. गावात वर्षातून आठ दिवस दिसणाऱ्या पालांबद्दल, जिथे आधीच अढी होती, तिथे हा दोष किती वाढला असेल याची कल्पना यावरून करता येते.

गिरणीचा भोंगा आणि तार

1911 साली कायदा देशभर लागू होईल असा नव्याने केला गेला. आता नोंद झालेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेता येत होते, राहण्याच्या जागा ठरवून देता येत होत्या, आणि संपूर्ण जमातीला ‘औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा’ वसाहतीत आणून ठेवता येत होते. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. नोंदलेला माणूस चोरीच्या बेतात असल्याचे परिस्थितीवरून न्यायाधीशाला वाटले, तर चोरी न होताही तीन वर्षांपर्यंत शिक्षा देता येई. यादीतल्या गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा काळे पाणी.

मुंबई इलाख्यात या वसाहतींची घडी बसवली ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याने. विजापूरपासून सुरुवात झाली. पुढे सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. स्टार्ट क्रूर माणूस नव्हता. काम, शाळा आणि शिस्त दिली तर ही माणसे सुधारतील, असे त्याला मनापासून वाटे. 1928 साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी जी समिती नेमली, तिचा तो अध्यक्ष होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. सोलापूरच्या वसाहतीच्या कामात अमेरिकन मराठी मिशनच्या पाद्र्यांचाही हात होता.

सोलापूर निवडले जाण्यामागे कारण होते. जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा कापडगिरण्यांनी हे शहर घडवले होते आणि त्यांना हात हवे होते. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी, मांग गारुडी, भामटा अशा जमातींची कुटुंबे तारेच्या आत वसवली गेली. भोंगा झाला की माणसे पाळीवर जात, परत येऊन हजेरी देत. लग्नाला, मयताला, आजारी आईला भेटायला परगावी जायचे तर पास. शिस्तीने वागणाऱ्या कुटुंबांना काही काळाने तारेबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत राहण्याची सवलत मिळे. ‘फ्री कॉलनी’ हे नाव तिथून आले. हजेरी चुकली, पासाची मुदत टळली, की तो स्वतंत्र गुन्हा. अशा शिक्षा ‘गुन्हेगार जमातीतील गुन्हे’ म्हणून आकड्यांत भर घालत.

आता या सगळ्याचा गाभा पाहू. कायद्याचा पाया होता, की ही माणसे जन्माने चोर आहेत. सोलापुरात काय दिसले? नियमित पगार मिळू लागताच त्याच जमातींतली माणसे साच्यावर उभी राहिली, सूत काढू लागली, कापड विणू लागली, मुलांना शाळेत पाठवू लागली. ज्यांच्या रक्तात चोरी होती म्हणत, ती काही वर्षांत गिरणी कामगार झाली. सिद्धान्त खोटा ठरवायला याहून स्पष्ट पुरावा कोणता? रोज सकाळी भोंग्याबरोबर तो गिरणीच्या दारातून आत जात होता.

तरीही निष्कर्ष उलटा निघाला. गुन्हे कमी झाले, तर सरकारी अहवाल म्हणाले की कुंपण, हजेरी आणि देखरेख यशस्वी ठरली. एखाद्या वर्षी गुन्हे वाढले किंवा कुणी पळून गेला, तर म्हणाले की देखरेख आणखी कडक हवी. दोन्ही बाजूंनी तारच जिंकत होती. त्याच माणसांना तार न घालता फक्त पगार आणि शाळा दिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न विचारला गेला नाही. श्रेय पगाराचे होते, ते तारेला मिळाले.

लंडनमध्ये पीटर वेसन याने 1960 साली विद्यार्थ्यांना 2, 4, 6 हे तीन आकडे दिले आणि त्यामागचा नियम शोधायला सांगितला. बहुतेकांच्या मनात आले, दोनदोनने वाढणारे सम आकडे. मग ते 8, 10, 12 असेच आकडे देऊन पाहत, दर वेळी ‘बरोबर’ ऐकत आणि नियम सापडला असे समजत. खरा नियम होता, कोणतेही चढते तीन आकडे. आपला अंदाज चुकेल असे 1, 2, 7 किंवा 5, 9, 40 द्यावेत, हे फारच थोड्यांना सुचले. सेटलमेंटचे अहवाल लिहिणारे अधिकारी याच विद्यार्थ्यांसारखे होते. त्यांना प्रत्येक वर्षी ‘बरोबर’ ऐकू येत होते, कारण चूक ठरवू शकेल असा प्रश्न ते घालतच नव्हते. फरक इतकाच, की विद्यार्थ्यांच्या चुकीची किंमत कुणाला मोजावी लागली नाही.

कुंपण निघाले, यादी राहिली

1936 साली नेल्लोर येथे जवाहरलाल नेहरूंनी या कायद्याला नागरी स्वातंत्र्याचा नकार म्हटले. 1937 साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 साली कायदा रद्द केला. त्याच वर्षी केंद्राने अनंतशयनम अय्यंगार समिती नेमली आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण विमुक्तांच्या मेळाव्यांत आजही अभिमानाने सांगितली जाते.

कायद्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्यात असा कायदा 1959 साली झाला. कागदावर तो जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होता. पण ज्या शिपायाने, ज्या पोलीस पाटलाने आधीची यादी पाठ केली होती, त्याची नजर एका राजपत्राने बदलणार नव्हती. थाडे समितीने 1961 साली महाराष्ट्रातील विमुक्त आणि भटक्या जमातींच्या प्रश्नांचा अहवाल दिला. सोलापूरला कर्मभूमी मानणारे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 साली आपला अहवाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी, 2007 साली, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा, असे भारताला सांगितले होते.

जुनी नजर किती खोल गेली आहे, हे एका खटल्यात दिसले. 2003 साली नाशिकजवळ एका कुटुंबातल्या पाच जणांचा बळी घेणारा भयानक दरोडा पडला. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या छायाचित्रांच्या वहीतून चार संशयित ओळखले होते. त्या चौघांचा तपास पुढे गेला नाही. पकडले गेले ते भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच न्यायालयाने फेरविचारात त्या सर्वांना निर्दोष ठरवले, त्यांना खोट्या गुन्ह्यात गुंतवले गेल्याची शक्यता नोंदवली आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. एवढ्या वर्षांत तीन न्यायालयांतून खटला फिरला आणि वहीतली ती चार छायाचित्रे कागदपत्रांतच पडून राहिली.

सोलापूर जिल्ह्याच्या काळजाला लागलेली घटना या निकालाच्या आदल्या वर्षीची. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजार भरला होता. भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती त्या भागात मोबाइलवर फिरत होत्या. जमावाने त्या पाचांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि ठार मारले. त्यांनी कुणाचे मूल पळवले नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात संदेश पुढे पाठवण्यावर पाच जणांची मर्यादा घातली.

डवरी गोसावी हे सेटलमेंटच्या तारेआड ठेवलेल्यांपैकी नव्हते. पण बाजारातला जमाव आणि 1908चा पोलीस ग्रंथ यांचा विचार करण्याचा मार्ग एकच होता. अनोळखी पेहराव म्हणजे वेषांतर. भिक्षा म्हणजे सोंग. नकार म्हणजे कबुली. ठगांच्या कथा जशा डोळ्यांपुढे उभ्या राहत, तशी मोबाइलवरची चित्रफीत उभी होती.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्त जमातींना जन्माने सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यांत गेले. 1871च्या कायद्याची भाषा 153 वर्षांनीही सरकारी नियमांत शिल्लक होती, हे त्या निकालाने देशासमोर आणले.

पूर्वग्रह अज्ञानातून येतो आणि शिक्षणाने जातो, असे आपण मानतो. या इतिहासातून तसे दिसत नाही. कायदा करणारे शिकलेले होते, ग्रंथ लिहिणारा पोलीस महानिरीक्षक होता, वसाहत चालवणारा कनवाळू होता. त्यांना माहिती कमी नव्हती; मिळणारी प्रत्येक माहिती ते एकाच खात्यात जमा करत होते. म्हणून उपायही अधिक माहितीचा नाही, वेगळा प्रश्न विचारण्याचा आहे. मी ज्याला संशयित समजतो, तो निर्दोष असेल तर मला काय दिसायला हवे? तेच आत्ता माझ्यासमोर दिसते आहे का? हा प्रश्न ठाण्यातल्या फौजदाराने झडतीपूर्वी, न्यायाधीशाने निकालापूर्वी, पत्रकाराने मथळ्यापूर्वी विचारला पाहिजे. आणि आपल्या गल्लीत पाल पडले, दारात अनोळखी भिक्षेकरी आला, मोबाइलवर ‘सावधान’ म्हणणारी चित्रफीत आली, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी तुम्ही-आम्हीही विचारला पाहिजे. सोलापूरची तार कायद्याने काढली. मनातली तार काढणारा कायदा नाही. ते काम प्रत्येकाने स्वतःच करायचे आहे.